मधला दगड

नाना, परवा एका सभेआधी माइक लावायला आलेल्या मुलीनं माझा डावा हात धरला आणि विचारलं, "मॅडम, इथे भाजलं होतं का?" मनगटाच्या वर थोडी जागा आहे, तिथे लव नाही. मी म्हटलं, "नाही गं, तिथे मी वस्तऱ्याची धार बघते." ती हसली. तिला वाटलं, बाईंचं भाषण इथूनच सुरू झालं. मग मी सभेत बोलायचं ते बोलले, टाळ्या झाल्या, हार गळ्यात पडला, आणि घरी येताना रस्ताभर तुमच्याशीच बोलत राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मी हजारो माणसांसमोर बोलले, पण हे कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून आज लिहायला बसले.

अंबरपेठच्या घरात मागच्या अंगणात पेरूचं झाड होतं, त्याच्या खिळ्याला तुमचा आरसा. खाली पितळी तोटीचा नळ. खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा बांधलेला, त्यावर वस्तरा परजल्याचा आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची. शेजारची तेलुगू पोरं भिंतीवर चढून बघत बसायची. ती आपल्या बापाला नान्ना म्हणायची आणि आम्ही तुम्हाला नाना, त्यामुळे त्यांच्या लेखी तुम्ही सगळ्या गल्लीचेच बाप होतात. महिन्यातून एकदा बिस्किटाच्या जुन्या डब्यातून तो पिवळा दगड निघायचा, आजोबांचा, वापरून वापरून साबणाच्या वडीसारखा झालेला. तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला असायचा, कारण धुळीचा एक कण लागला तरी धारेवर चरा पडतो. पाण्याचे थेंब टाकून तुम्ही वस्तरा त्यावर असा फिरवायचात की हात हलतोय हेसुद्धा कळायचं नाही. पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेला माणूस, पण खऱ्या कामाला तुम्ही सकाळी त्या आरशासमोरच लागत होतात, असं मला तेव्हा वाटायचं.

निवृत्तीनंतर तुमचा हात थरथरायला लागला. आधी बशी वाजायला लागली, मग सही बदलली. तुम्ही दोन्हींवर विनोद केलेत. मग एका सकाळी वस्तरा पितळी तोटीवर आदळला. मी आत पेपर वाचत होते, तो आवाज अजून कानात आहे. बाहेर आले तर तुम्ही वस्तरा उजेडात धरून बघत होता. धारेला खसखशीएवढा दाता पडला होता. रक्त कुठेच नव्हतं, तरी आई म्हणाली, "झालं. आता देवानंच सांगितलं, बंद करा." तुम्ही वस्तरा पुसलात, मिटलात आणि डब्यात ठेवून दिलात.

न्हाव्याकडे जायचं म्हटलं तर तो आता अर्धं ब्लेड खोचून दाढी करायचा, आणि ब्लेडनं तुमच्या मानेवर पुरळ उठायचं. तेव्हा खुल्या बाजाराची ती पहिली वर्षं होती. कोपऱ्यावरच्या किराण्यात विलायती कोला आला होता, केबलवर दिवसभर गोरेगोमटे पुरुष गाल चोळत हसत होते. आईनं त्यातलाच एक दुपाती प्लॅस्टिकचा रेझर आणला. तुम्ही तो उलटासुलटा केलात. "ही तर उवा काढायची फणी आहे," म्हणालात. मी त्याहून पुढे गेले. परक्या कंपनीची वस्तू या घरात येणार नाही, असं मी स्वयंपाकघरात उभी राहून जाहीर केलं, आणि का येणार नाही त्याची कारणंही दिली. आईचं पीठ मळून झालं तरी माझी कारणं संपली नव्हती. ती म्हणाली, "छान. हे हट्टानं नको म्हणतात, तू तत्त्वानं. दोघं मिळून घरात अस्वल पाळा."

अस्वल वाढत राहिलं. तुम्ही संध्याकाळी सुलतान बाजारजवळच्या ग्रंथालयात जाणं बंद केलंत. कुणी विचारायला आलं तर आतून सांगायचात, "ताप आहे म्हणा." चाळीस वर्षं ज्या माणसाला कुणी खुंट वाढलेलं पाहिलं नव्हतं, तो आता माणसांना टाळत होता. आणि नेमकं त्याच ग्रंथालयाच्या सभागृहात मला बोलायला बोलावणं आलं. विषय खुला बाजार. नाना, मी तोपर्यंत चौकात बोलले होते, ट्रकवर उभी राहून बोलले होते, हिमायतनगरच्या ज्या कॉलेजात शिकवत होते तिथल्या फाटकासमोर बोलले होते. तुमच्यासमोर एकदाही नाही. "घरात ऐकतो तेवढं पुरे आहे," हे तुमचं ठरलेलं उत्तर. या वेळी मात्र मी तुमच्या पायाशी बसले आणि म्हटलं, तुम्ही पहिल्या रांगेत पाहिजेत. तुम्ही हनुवटी खाजवलीत. "या तोंडानं? लोक तुझं ऐकणार नाहीत. मला बघत बसतील, आणि म्हणतील, नाना संपले वाटतं."

"मग मी धार लावते," मी म्हटलं. "आणि दाढीही मीच करते."

"तू? तू मटकीची उसळसुद्धा तावातावानं परततेस."

पण डबा तुम्हीच काढायला सांगितलात. सभेला आठवडा होता.

दाता घालवायला जाड दगड लागतो एवढं मला कळत होतं. हार्डवेअरच्या दुकानातून सुऱ्यांना लावायचा काळा दगड आणला आणि अंगणात बसून सगळा जोर लावला. तुम्ही खुर्चीवरून बघत होतात. "दाबू नकोस. वजन वस्तऱ्याचं लागतं, तुझं नाही." थोड्या वेळानं पुन्हा, "पाठ उचलतेस. पाठ आणि धार, दोन्ही दगडावर टेकलेली राहू दे." दाता गेला. मी विजयानं वस्तरा वर केला. मग पिवळा दगड घेतला आणि दुपारभर फिरवला. मनगटावरच्या लवेवर धरून बघितला तर लव नुसती वाकली आणि पुन्हा उभी राहिली.

तुम्ही मला धार उजेडात तिरकी धरायला लावलीत. काळ्या दगडाचे ओरखडे नांगरलेल्या शेतातल्या तासांसारखे तसेच होते. "पिवळा दगड झिलई देतो," तुम्ही म्हणालात. "नांगरटीवर झिलई दिलीस तर काय होणार? आधी मधला दगड लागतो. जाड दगडाचे ओरखडे तो पुसतो, त्याचे बारीक ओरखडे पिवळा पुसतो. एक पायरी गाळलीस की खालचं सगळं वर तसंच राहतं." आजोबांचा मधला दगड कुठे आहे, असं मी विचारलं. तुम्ही आईकडे बघितलंत. आईनं तो दहा वर्षं विळीला लावला होता, आणि दुभंगल्यावर त्याचे तुकडे तुळशीच्या कुंडीखाली टेकू म्हणून दिले होते. "मला काय माहीत तो एवढा विद्वान दगड होता ते," ती म्हणाली.

मग मी देशी दगडांची परीक्षा घेतली. त्याला परीक्षाच म्हणायला हवं, कारण निकाल मी आधी लावून ठेवला होता. शेजाऱ्यांच्या नव्या ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा आणला. काळाभोर, आरशासारखा. त्यावरून वस्तरा नुसता घसरत होता. "टकलावर कंगवा," तुम्ही म्हणालात. शहाबादी फरशीचा तुकडा आणला, त्यानं होती तीही धार गेली. शेवटी माझी शाळेतली पाटी माळ्यावरून काढली. तिचा राखी चिखल झाला आणि धार गोल झाली. "एवढ्या मोठ्या देशात एक मधला दगड नाही?" मी चिडून म्हटलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "देशात पुष्कळ असेल. आत्ता प्रश्न देशाचा नाही. या वस्तऱ्याचा आहे."

सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत डॉक्टरी अवजारांचं दुकान होतं. वस्तरा रुमालात गुंडाळून मी तिथे गेले. म्हाताऱ्या दुकानदारानं वस्तरा बघून आधी सलाम केला, मला नाही, वस्तऱ्याला. मग आतून एक खोका आणला. "ये लेओ, अम्मा. जपान का है. पैले मिलताइच नै था, अब खुल्ला आरा."

मी विचारलं, "देसी नै है क्या?"

"देसी है ना. मोटा है, चक्कू के वास्ते. उस्तरे के वास्ते नक्को."

मी खोका परत सरकवला. मी त्याला मालाच्या आयातीवर काहीतरी सांगितलंही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोच लेओ, अम्मा. पत्थर कहीं नै भागता."

घरी आल्यावर जे झालं ते मी माझ्या आयुष्यातल्या मोठ्या वादांत धरते. मी म्हणत होते की एकदा दार उघडलं की दगडामागून जातं येतं, जात्यामागून दळण येतं, आणि शेवटी घर त्यांचं होतं. तुम्ही ऐकत होतात. मग म्हणालात, "वस्तरा आण. पात्याच्या बुडाशी काय लिहिलंय वाच." मला माहीत होतं काय लिहिलंय ते. "वाच ना, पुढारीणबाई. जर्मनीचा आहे. आणि हा पिवळा दगड आजोबांना त्यांच्या खात्यातल्या साहेबानं दिला, तोही बोटीतूनच आला. यांना कुठे ठेवायचं?"

"ते जुने आहेत," मी म्हटलं. "ते आता इथलेच झाले."

"मग त्या दगडालाही राहू दे चाळीस वर्षं. होईल इथला."

आई आतून हसली. मलाही हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्त राग आला. तुम्ही पुढे जे बोललात ते मात्र हसण्यावारी नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तुझं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही. तू बोल. जोरात बोल. पण मला तिथे यायचंय." तोवर मला वाटत होतं की तुम्हाला बोलवायची ओढ माझी एकटीची आहे.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. या वेळी तुम्ही मला शिकवून पाठवलं होतंत. दुकानदारानं खोके मांडले, प्रत्येकावर आकडे, आकडा जेवढा मोठा तेवढा दगड बारीक. त्याला मला सगळ्यात बारीक, सगळ्यात महाग दगड द्यायचा होता. मी म्हटलं, झिलईचा दगड घरी आहे, जाडही आहे, मला मधला पाहिजे. त्यानं दुहेरी दगड काढला, एक बाजू हजार नंबरची विटकरी, दुसरी सहा हजारची, दुधाळ. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही बाजूंवर पाण्याचा थेंब टाकला. विटकरी बाजूनं तो चटकन पिऊन टाकला, दुधाळ बाजूवर तो रेंगाळला. नखानं हळूच ओढून पाहिलं. एका बाजूला खरखर, दुसरीकडे नुसती कुजबुज. कडेला चीर नाही, कुठे वेगळ्या रंगाचा ठिपका नाही. दुकानदार खूश झाला. "अब्बा सिखाए क्या?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. मला तेव्हा फार बरं वाटलं, नाना. एवढं बरं मला टाळ्यांनीही क्वचितच वाटलंय.

पुढचे तीन-चार दिवस आपण दोघं अंगणात. विटकरी बाजू, पाणी, वस्तरा सपाट, धार पुढे ठेवून जायचं, टोकाला पाठीवर उलटायचं, परत यायचं. दगडावर जमणारा चिखल सुरुवातीला राहू द्यायचा, तो काम करतो. शेवटी धुऊन टाकायचा. नांगरटीचे तास हळूहळू मिटत गेले आणि धारेवर धुक्यासारखा एकसारखा रंग आला. मग दुधाळ बाजू. ते बघताना माझ्या डोक्यात भाषण तयार होत होतं, आणि ते तुम्हाला माझ्या तोंडावर दिसलं असणार. मी म्हटलं, "नाना, म्हणजे समाजाचंसुद्धा असंच..."

"पुरे. दगडावर भाषण नको. दगड दगड आहे. मनगट सरळ ठेव."

मी मनगट सरळ ठेवलं. शेवटी पिवळा दगड घेतला, आणि या वेळी लव वाकली नाही. नुसती नाहीशी झाली. मनगटावर ही जागा तेव्हापासूनची.

सभेच्या दिवशी सकाळी एक नवीनच अडचण. पट्टा इतके दिवस तेल न लावल्यामुळे कडक होऊन तडकला होता. दगडावरून उतरलेल्या धारेला चामड्याचा हात लागल्याशिवाय ती गालावर चालत नाही. मी पट्टा हातात घेऊन उभी. तुम्ही खुर्चीत, गळ्याला टॉवेल, तोंडाला फेस लावायचा बाकी. तुम्ही उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवलात, डाव्या हातानं त्याचं मनगट धरलंत आणि म्हणालात, "यावर कर."

"तळहातावर?"

"जुने न्हावी करायचे. चामडंच आहे. पाठ पुढे, धार मागे. भिऊ नकोस."

आईनं तोंड फिरवलं. मी वस्तरा तुमच्या तळहातावर ठेवला. मला वाटलं होतं तो हात थरथरेल. ज्या हातानं बशी वाजायची, सही बिघडायची, तो हात तुमच्याच दुसऱ्या हातात तेव्हा पाटासारखा स्थिर होता. मी वर नेला, उलटा केला, खाली आणला. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. पेरूच्या झाडाकडे बघत होतात, तिथे पोपट आला होता. मला बोलायचं होतं. मी वस्तरा पुन्हा वर नेला. आई मागून म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा ही पोर इतका वेळ गप्प आहे."

मग फेस. मग उजव्या कानाखालून पहिला हात. एवढ्या दिवसांची राठ दाढी, तिच्यातून वस्तरा साईतून चमचा जावा तसा खाली आला, आणि मागे तुमचा गाल दिसला, ओळखीचा. मी थांबले. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "ओढत नाही."

आईनं तुरटीचा खडा पदरात धरून ठेवला होता. तो लागलाच नाही.

सभागृहात तुम्ही पहिल्या रांगेत बसलात, पांढरा शर्ट, गाल पोरासारखे. लोक येऊन तुमचा ताप उतरला का विचारत होते. मी बोलायला उभी राहिले आणि पेटले. आजही मी त्या भाषणातला एक शब्द मागे घेत नाही. जे बोलले त्यातलं बरंच पुढे तसंच झालं. आपल्या बाजारात त्यांचे भाव, आपल्या तोंडी त्यांची चव, हे सगळं मी बोलले, आणि मग आवाज चढवून म्हटलं, "या देशाला बाहेरून धार उसनी आणायची गरज नाही." त्याच क्षणी तुम्ही बोटांची मागची बाजू गालावरून, कानापासून हनुवटीपर्यंत, अगदी सावकाश फिरवलीत. चेहऱ्यावर काही नाही. सभ्य, निवृत्त, सरकारी चेहरा. मला हसू फुटलं. भर सभेत, त्या वाक्यावर. लोकांना वाटलं मी सरकारला हसतेय, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मी पाणी प्याले. तुम्ही पुन्हा गालावरून हात फिरवलात.

परतताना आपण तिघं ऑटोत दाटीवाटीनं बसलो. मी वाट बघत होते. काचिगुडा मागे पडलं. शेवटी मीच विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं," तुम्ही म्हणालात. आणि पुढे, "सुरुवात जाड दगडावर केलीस. ठीक आहे, दाते होते. शेवट एकदम पिवळ्यावर. सुंदर. पण मधला दगड कुठे गेला? ज्याला तुझं पटलेलं नव्हतं, तो मध्ये कुठे बसणार होता?"

"तुम्हीच म्हणाला होतात, दगडावर भाषण नको."

"मी दगडावर बोलत नाही. भाषणावर बोलतोय."

मी घर येईपर्यंत भांडले. ज्याला पटत नाही त्याची मनधरणी करायला वेळ कुणाला आहे, असं म्हटलं. आई म्हणाली, "हळू बोल, तो ऑटोवाला वळण चुकेल." तो चुकलाच. आपण तिघं हसत हसत भलत्याच गल्लीत उतरलो आणि घरी चालत गेलो, आणि वाटेत भेटेल त्याला तुम्ही थांबवत होतात. कुणालाही. पानवाल्याला, इस्त्रीवाल्याला. बोलायचं काही नव्हतं तुम्हाला. नुसतं तोंड दाखवायचं होतं.

तुम्ही पुन्हा ग्रंथालयात जायला लागलात. एक दिवसाआड सकाळी मी तुमची दाढी करायची, मग कॉलेजला जायची. नवा पट्टा आला, पण शेवटचे चार हात तुमच्या तळहातावरच, ते तुम्ही सोडू दिले नाहीत. आणि मी मधला दगड शोधायला लागले. आजही माझं भाषण मध्ये कुठेतरी थांबतं, आणि ज्यांना पटलेलं नाही त्यांच्याकडे वळतं. लोक म्हणतात, बाईंचं वय झालं, मऊ झाल्या. मी मऊ झालेले नाही. तुम्हाला माहीत आहे.

जपानी दगड आता मधोमध खोलगट झालाय. त्याला तीस वर्षं झाली, चाळिशीला थोडा अवकाश आहे, पण मी त्याला इथला म्हणून टाकलंय. वस्तरा मी अजून महिन्यातून एकदा काढते, दाढी करायला घरात कुणी नसलं तरी. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, वडिलांची आठवण म्हणून. त्यांचे डोळे भरून येतात आणि मी ते येऊ देते.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. पिवळ्या दगडाभोवतीचं वर्तमानपत्र फाटलंय, तिथे कामी येईल. आणि तुमच्या दगडाला गुंडाळायचाच आहे तर खरं ते लिहून ठेवते, नाना. पाणी टाकून वस्तरा दगडावर ठेवला की मला तुमची आठवण येत नाही. आईची येत नाही, सभेची येत नाही, देशाचीही नाही. नुसतं आवडतं म्हणून करते.